बेंगळुरूला पाच तास बसायचंय, आई-बाबांसाठी लाउंजचे पैसे भरावेत काय?

तिसरं_रेल्वेगेट

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे पण घरात त्यावरनं रोज जेवताना वाद चाललाय म्हणून इथं टाकतोय. डिसेंबरच्या शेवटी आई-बाबांना काशीला घेऊन जायचं ठरलंय, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत. सांबऱ्याहून (आपलं बेळगावचं विमानतळ) सकाळच्या विमानानं बेंगळुरू, तिथनं दुसऱ्या विमानानं वाराणसी, आणि मधे बेंगळुरू विमानतळावर जवळजवळ पाच तास बसायचंय. आपण काय कुठंबी बसतो, फोन चार्जिंगला लागला की झालं, पण बाबा 72 चे, शुगर आहे, वेळेला पोटात काही गेलं नाही की चिडचिड सुरू. आणि आईचे गुडघे गेलेत, पाच तास त्या खुर्च्यांवर अवघडून बसली तर तिकडं घाटाच्या पायऱ्या कशा उतरणार.

पुण्याचे दाजी म्हणतात लाउंज घे की (विमानतळावर पैसे भरून निवांत बसायची-खायची जागा), एवढं विमानाचं तिकीट काढलंस आणि हितं कशाला हात आखडतोस. साइटवर बघितलं तर साधारण माणशी दीड हजाराच्या आसपास दिसतंय, म्हणजे तिघांचे साडेचार हजार. बाबांना हा आकडा सांगितला तर म्हणाले, "उप्पीट खायला दीड हजार? तेवढ्यात खडेबाजारातनं काशीला नेण्यासारखं धोतर येतंय." आई काहीच बोलत नाही, म्हणजे तिला जायचंय असं मी समजतो. आणि एक भानगड अशी की निघायच्या दिवशीच एकादशी पडते, आईचा उपास.

माझ्याकडं एक रुपेचं डेबिट कार्ड आहे आणि एक क्रेडिट कार्ड, दोन्हीवर लाउंज फ्री असं घेताना सांगितलं होतं. कधी वापरलं नाही. बाबांचं पेन्शनच्या खात्याचं कार्ड आहे त्याच्यावर काय आहे माहीत नाही. कुणी आई-वडिलांना घेऊन असं केलंय काय? पैसे वसूल होतात काय? की नुसतीच हौस?

मिरची_भजी

काशीला जाऊलाव की रिसेप्शनला मर्दा 😄 विमानच सोड की. ऑगस्ट 2025 पासून आपली बेळगाव-बेंगळुरू वंदे भारत चालू झाली की ओ, तिच्यातनं जावा, खिडकीतनं बघत, चहा जागेवर येतो.

तिसरं_रेल्वेगेट

आणि रेल्वे स्टेशनपासनं विमानतळापर्यंत बेंगळुरूच्या ट्रॅफिकमधनं आईला टॅक्सीत बसवून कोण नेणार, तू येतोस?

मिरची_भजी

बरं बरं. लाउंजच घ्या.

मंथली_बेंगळुरू

मी नोकरीमुळं येऊन-जाऊन असतो त्यामुळं सांगतो, लाउंजच्या आधी तिकिटावर टर्मिनल कुठलं आहे ते बघा. हे कुणी बघत नाही आणि मग सगळं गणित चुकतं. बेंगळुरूला दोन टर्मिनल आहेत, टी वन आणि टी टू. स्टार एअर टी टू ला जातं, जानेवारी 2023 ला टी टू वरनं देशांतर्गत विमानं सुरू झाली तेव्हा पहिलं तेच गेलं होतं. इंडिगोची देशांतली विमानं टी वन ला. समजा तुम्ही इथनं एका कंपनीनं गेलात आणि पुढचं तिकीट दुसऱ्या कंपनीचं वेगळं काढलंय, तर बेंगळुरूला उतरून बॅगा पट्ट्यावरनं उचलायच्या, बाहेर यायचं, शटल बसनं दुसऱ्या टर्मिनलला जायचं (बस फुकट आहे), परत बॅगा द्यायच्या, परत सिक्युरिटी. वयस्कर माणसं बरोबर असतील तर ह्यात दीड-दोन तास कुठं जातात कळत नाही. पुढचं विमान सुटायच्या 25 मिनिटं आधी इंडिगो गेट बंद करतं, म्हणजे तुम्हाला त्याच्या आधी गेटवर बसलेलं पाहिजे. आता पाच तासातनं हे सगळं वजा करा, लाउंजला हातात राहतात दोन-अडीच तास. त्याला साडेचार हजार द्यायचे का ते तुम्ही ठरवा.

एकच पीएनआर (म्हणजे दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर) असेल आणि दोन्ही विमानं एकाच टर्मिनलची असतील तर गोष्ट वेगळी. बॅग सांबऱ्यातच वाराणसीचा टॅग लावून घेतात, मधे हात लावावा लागत नाही. मग खरंच साडेतीन-चार तास मोकळे मिळतात आणि लाउंजचा विचार करण्यात अर्थ आहे.

अजून एक, मोठ्या विमानतळांवर आता बोर्डिंगची ओरडून अनाउन्समेंट करत नाहीत. लाउंजमधल्या सोफ्यावर डोळा लागला तर कुणी उठवायला येत नाही. गेटपण बदलतं ऐनवेळी. फोनवर अलार्म लावूनच टेका.

निपाणी_नाका

कार्डावर फ्री आहे ह्याच्यावर अजिबात विसंबू नका. मी सांगतो माझं काय झालं. बँकेचं नाव घेत नाही, पण कार्ड देताना पोरगा घरी येऊन "सर लाउंज फ्री सर, फॅमिलीला घेऊन जावा सर" करत बसला होता. बायको, मी, आणि सासूबाई, तिघं दारात. काउंटरवरच्या पोरीनं कार्ड मशीनला लावलं, कार्ड तपासायला दोन रुपये कटायला पाहिजे होते ते कटलेच नाहीत, डिक्लाइन. परत लावलं, परत तेच. मागं रांग. सासूबाई विचारतात "जावई, काय झालं?" काय सांगणार. नंतर कस्टमर केअरला फोन केला तर म्हणतात मागच्या तीन महिन्यांत तुमचा खर्च अटीइतका झालेला नाही. ही अट कधी आली? मेल पाठवलाय म्हणे. मेल कोण वाचतंय, रोज त्यांचे दहा मेल येतात लोन घ्या म्हणून.

तर आता हे बऱ्याच बँकांनी केलंय. आयसीआयसीआयनं 2024 च्या एप्रिलपासून बऱ्याच कार्डांना आधीच्या तिमाहीत 35 हजार खर्चाची अट घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ती 75 हजार केली. एचडीएफसीनं रेगालिया कार्डाला 2023 च्या डिसेंबरपासून तिमाहीत एक लाखाची घातली. ॲक्सिसनं मे 2024 पासून काही कार्डांना तीन महिन्यांत 50 हजार. हे आकडे परत बदललेलेपण असतील, त्यामुळं तुमच्या कार्डाचं जे आहे ते बँकेच्या ॲपमधे आजच बघा. आणि हे फ्री म्हणजे कार्ड ज्याच्या नावावर त्यालाच. बोर्डिंग पासवरचं नाव जुळवून बघतात. तुमच्या कार्डावर बाबांना पाठवतो म्हटलं तर चालत नाही.

रुपे प्लॅटिनम किंवा सिलेक्ट असेल तर तिमाहीला एखादी एंट्री असते, पण ते पण बँकेगणिक वेगळं. साधं रुपे क्लासिक असेल तर विसरा.

एक मात्र तुमच्या फायद्याचं आहे. तुम्ही डिसेंबरात जाऊन जानेवारीत येताय. तिमाही 31 डिसेंबरला संपते. म्हणजे जाताना एक वापरली तरी येताना नवीन तिमाहीची मिळू शकते.

तिसरं_रेल्वेगेट

मंथली, धन्यवाद, लगेच तिकीट उघडून बघितलं. एकच पीएनआर आहे, दोन्ही इंडिगो, दोन्ही टी वन. त्यातनं सुटलो.

निपाणी, माझं क्रेडिट कार्ड मी पेट्रोल आणि लाइट बिलाला वापरतो, 75 हजार कुठनं होणार. ते गेलं. रुपे डेबिट प्लॅटिनम निघालं, ॲपमधे तिमाहीला एक असं दिसतंय. बाबांचं कार्ड बघितलं, तेपण प्लॅटिनम! त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. म्हणजे आता बाबा फुकट, मी फुकट आणि ज्या माउलीसाठी हे सगळं चाललंय तिचेच तेवढे पैसे भरायचे, ते पण उपासाच्या दिवशी 🤦

मिरची_भजी

बाबा आत, आई बाहेर असं करू नको. काशीला पोचायच्या आधी संन्यास घ्यावा लागेल त्यांना.

भटारखान्यातला

हॉटेल मॅनेजमेंट करून मी काही काळ एका मोठ्या विमानतळाच्या लाउंजच्या किचनमधे होतो (कुठल्या ते राहू दे). आतलं सांगतो.

आईंच्या उपासाचं आधी. उपासाचं वेगळं काही नसतं. कापलेली फळं असतात, दही असतं, चहा-कॉफी, ज्यूस. साबुदाणा वगैरे मिळेल ही आशा सोडा. कडक उपासवाल्या बायका येतात, पपईच्या चार फोडी आणि चहा घेऊन बसतात, त्यांचेपण तेवढेच पैसे. मला वाईट वाटायचं पण काउंटरवर कोण काय खातंय ते बघून बिल होत नाही.

दुसरं, वेळ. सगळ्यात वाईट गर्दी पहाटे ते नऊ-साडेनऊपर्यंत, कारण सकाळची विमानं सगळी तेव्हाच. दारात रांग, आत ताटं हातात घेऊन उभी माणसं. तुम्ही सकाळच्या विमानानं जाऊन उतरल्या उतरल्या लाउंजला पळालात तर नेमके त्यात सापडणार. अकराच्या सुमारास नाश्ता काढून जेवण लावतात, मधला अर्धा तास सगळं अर्धवट असतं, इडली संपलेली आणि भात अजून यायचाय. साडेबारा-एकला गेलात तर सगळं गरम, नवीन, आणि बसायला जागा. बाबांना शुगर आहे ना, मग त्यांच्या जेवणाच्या वेळेला आत जायचं हे धरून चाला, आधी नाही. कारण आत किती वेळ बसता येतं त्यालापण मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन तास. पाच तास तिथंच काढू म्हटलं तर परत पैसे मागतात.

आडवं व्हायच्या खुर्च्या असतात पण मोजक्या, आणि त्या पकडणारे लोक पकडून बसतात, अंगावर जॅकेट घेऊन घोरत. त्यांना उठवायचा आम्हाला अधिकार नव्हता. आईंच्या गुडघ्यासाठी तीच पाहिजे असेल तर मिळेलच असं नाही. साधे सोफे मऊ असतात पण खोल, गुडघेदुखीवाल्याला त्यातनं उठताना हाताला धरावं लागतं. ह्याचा कुणी विचार करत नाही. आमच्या आजीला तर लाकडी खुर्चीच बरी पडायची.

चांगलं काय? संडास-बाथरूम स्वच्छ आणि जवळ. शुगरवाल्या माणसाला ह्याची किंमत दीड हजारापेक्षा जास्त आहे असं माझं मत. आणि शांतता. बाकी जेवण म्हणाल तर ठीक असतं, पनीर, डाळ, जिरा राइस. कॅम्पातल्या हॉटेलात बसल्याचं सुख त्यात शोधू नका.

खानापूरची_काकू

अरे एवढा खल कशाला, डबा न्या की. घरचं खाणं विमानात न्यायला कुणी अडवत नाही. आम्ही दिल्लीला लेकीकडं जाताना दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेथीचे पराठे सगळं नेलं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी सकाळी करून स्टीलच्या डब्यात घाला, चार-पाच तासात काही होत नाही, वर शेंगदाण्याचा कूट जरा जास्त घाला म्हणजे गोळा होत नाही. राजगिऱ्याचे लाडू आणि केळी. बाबांना चपाती-भाजी. रिकामी बाटली न्यावी आणि आत सिक्युरिटीनंतर नळ असतात तिथं भरून घ्यावी, पाण्याला पैसे घालवू नयेत.

बाबा पान खात असतील तर अडकित्ता हातातल्या पिशवीत ठेवू नका हं. आमच्या ह्यांचा पितळी अडकित्ता मशीनमधे दिसला, काढून घेतला, सासऱ्यांच्या वेळचा होता. दिल्लीपर्यंत तोंड फुगवून बसले होते. तो मोठ्या बॅगेत घालायचा.

आणि गुडघ्याचं म्हणाल तर लाउंज नको, व्हीलचेअर घ्या. ती विमान कंपनीनं फुकट द्यायची असते. सांबऱ्यातनं चढताना सांगितलं की बेंगळुरूला उतरल्यावर माणूस खुर्ची घेऊन उभा असतो, तो सिक्युरिटीतनं वेगळ्या लायनीनं काढतो आणि गेटजवळ नेऊन बसवतो. आईंना पाच तास बसण्यापेक्षा ते एवढं लांब चालणंच जड जाणार आहे, बघा तुम्ही.

हिंडलगा_रोड

काकूंचा मान ठेवून सांगतो, पण हे डब्याचं पुराण आता पुरे. आमच्या आई-बापांनी जन्मभर एसटीत डबा मांडीवर घेऊन प्रवास केला, आता लेक कमावतोय, एकदा गादीच्या खुर्चीवर बसून वाफाळता चहा हातात आणून दिला तर काय बिघडलं? मी माझ्या वडिलांना नेलं होतं. पहिली दहा मिनिटं दारातच "किती घेतले, किती घेतले" करत होते. नंतर बघतो तर शेजारच्या तमिळ माणसाबरोबर हातवारे करून गप्पा, तीन कप कॉफी झालेली. अजून गावात सांगतात. दीड हजाराची किंमत ताटात काय पडलं त्यावरनं काढायची नसते.

आणि व्हीलचेअरचा माणूस गेटजवळ सोडून जातो, पाच तास तुमच्याजवळ थांबत नाही. मग बाथरूमला कोण नेणार?

खानापूरची_काकू

लेक बरोबर आहे की त्यांच्या! आणि मी कुठं म्हटलं गादीवर बसवू नका. मी म्हटलं उपाशी बसवू नका.

भटारखान्यातला

दोघंपण बरोबर. पण व्हीलचेअरवर लाउंज फुकट मिळतं असा एक गैरसमज आहे, तो काढून टाका, त्याचा ह्याचा संबंध नाही. व्हीलचेअरच्या माणसाला लाउंजच्या दारात सोडायला सांगता येतं, आणि परत किती वाजता न्यायला यायचं ते त्याच्याकडनं तेव्हाच ठरवून घ्यायचं.

मंथली_बेंगळुरू

जाण्याबद्दल सगळेच बोलताय, येण्याबद्दल कुणी बोलत नाही. जानेवारीत वाराणसीला धुकं असतं. उत्तरेकडची विमानं त्या दिवसांत दोन-दोन, चार-चार तास लेट होतात, कधी रद्दपण. म्हणजे बेंगळुरूला पाच तास मिळतील असं धरून तुम्ही परतीचं लाउंज आधीच ऑनलाइन बुक केलंत, आणि विमान तीन तास उशिरा आलं, तर बेंगळुरूला पळतच दुसरं विमान गाठायला लागणार आणि लाउंजचे पैसे पाण्यात. परत देतात की नाही हे त्या बुकिंगच्या अटीत बघा, बऱ्याचदा देत नाहीत. त्यामुळं आधी काही भरू नका. दारात जाऊन, गर्दी बघून, आई-बाबांची तब्येत बघून तिथंच ठरवा. ऑनलाइन दोन-तीनशे रुपये कमी दिसतात त्याच्या मोहात पडू नका. आणि जो आकडा दिसतो त्यात जीएसटी धरलाय का तेपण बघा.

वाराणसीलाच लेट झालं तर हे लक्षात ठेवा: अडीच तासापर्यंतचं उड्डाण असेल आणि दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर कंपनीनं खाणं-पिणं द्यायचं असा डीजीसीएचा (विमान कंपन्यांवर देखरेख करणारं सरकारी खातं) नियम आहे. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला हीच मर्यादा तीन तासांची. वाराणसी-बेंगळुरू अडीचच्या आसपासच आहे, त्यामुळं दोन तास झाले की काउंटरवर जाऊन विचाराच. धुक्याला नुकसानभरपाई मिळत नाही, पण खायला मागायला लाजायचं नाही. मागितल्याशिवाय बऱ्याचदा कुणी देत नाही, मागितलं की कूपन नाहीतर सँडविचचा डबा येतो. सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान नाहीतर पूर्ण पैसे परत, ते तुम्ही निवडायचं. एकच पीएनआर असल्यामुळं पुढचं विमान चुकलं तर पुढची सोय करायची जबाबदारीपण त्यांचीच.

निपाणी_नाका

हे कूपनचं खरं आहे. माझ्या पुढच्या माणसानं मागितलं म्हणून मला कळलं.

तिसरं_रेल्वेगेट

सगळ्यांचे आभार ओ, एवढं घरातपण कुणी समजावून सांगितलं नसतं. सगळं आई-बाबांना वाचून दाखवलं. बाबांना बाथरूमचा मुद्दा पटला, बाकी काही नाही. आईनं खानापूरच्या काकूंची खिचडी मनावर घेतलीय, कूट जास्त घालायचं ठरलंय. (अडकित्ता सापडला, बाबांच्या खादीच्या पिशवीतच होता, तो काढून मोठ्या बॅगेत टाकला.)

तर जाताना असं करणार: दोघांना व्हीलचेअर, बाबा नको म्हणतायत पण आईच्या निमित्तानं त्यांनापण बसवणार. सकाळी गेटजवळ डबा खायचा. बाराच्या पुढं दारात जाऊन बघणार, गर्दी नसेल तर मी आणि बाबा आमच्या कार्डांवर आणि आईचे पैसे भरणार. हिंडलगा म्हणतात ते पटलं, आईनं नुसता चहा घेतला तरी चालेल, तिघं एका ठिकाणी बसलेली बरी. रांग असेल तर सरळ गेटवर, आणि कुठल्यातरी काउंटरवरची कॉफी. येताना काहीच ठरवत नाही, धुकं काय म्हणतंय बघू.

एकच शंका, व्हीलचेअर सांबऱ्यात गेल्यावर मागितली तर चालते काय की आधीच सांगायला लागते?

खानापूरची_काकू

आधी सांगा. 48 तास आधी कळवायचं असतं. तिकिटात मॅनेज बुकिंग म्हणून असतं तिथं दोघांच्या नावापुढं टाका, जाताना आणि येताना दोन्हीकडचं, चारी विमानांना. नाहीतर नुसतं सांबऱ्याहून बेंगळुरूचं टाकतात आणि पुढं माणूस येत नाही. टाकल्यावर कंपनीला एक फोनपण करा.

आणि काशीला पोचलात की माझ्याकडनं विश्वनाथाला एक बेल वाहा.